हाय टिंब

आमच्या घरात जेवताना विरामचिन्हं उच्चारली जायची. वडिलांचा छापखाना खाली होता, आम्ही वर राहत होतो, आणि लग्नसराईत प्रुफं वाचायला दिवस पुरत नसल्यामुळे पत्रिका जेवणाच्या पानापर्यंत येत. वडील मूळ मजकूर मोठ्याने वाचत आणि आई डाव्या हाताचं बोट प्रुफावर फिरवत ऐकत असे. वाचताना चिन्हंही वाचायची, हा छापखान्याचा नियम होता, कारण जे चिन्ह तोंडाने वाचलं जात नाही ते छापायचंही राहून जातं. ‘चि टिंब रामदास स्वल्पविराम’, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं उद्गारचिन्ह’. सवय इतकी मुरली होती की ‘आमटीत मीठ कमी आहे टिंब’ असं वडील म्हणत आणि ‘भात वाढू प्रश्नचिन्ह’ असं आई विचारी. दोघांपैकी कोणीही हसत नसे. सगळ्यांच्या घरी असंच बोलतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

छापखाना पनवेलच्या जुन्या भागात, तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत होता. छपाईचं ट्रेडल मशीन चालू झालं की वरच्या मांडणीतली भांडी थरथरत आणि एक पितळी पेला दर तिसऱ्या ठोक्याला शेजारच्या तांब्याला लागे. मी अभ्यास त्या टिणटिणाटात केला. तो थांबला की आई जिन्यातून विचारायची, वीज गेली की कागद अडकला. गव्हाणपासून नेऱ्यापर्यंतच्या गावांतल्या पत्रिका आमच्याकडे छापल्या जात. त्यांवर काका, मामा, आत्या आणि गावकी अशी नावं इतकी असत की नवरा-नवरीला जागा काढून द्यावी लागे. ते काम आमच्या जुळाऱ्याचं, बाळारामकाकांचं. ते नेऱ्याहून सायकलने येत, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि उलटी अक्षरं सुलट वाचावीत तशी सहज वाचत. त्यांच्या बोलण्यात ‘आमी’, ‘तुमी’, ‘हाय’ आणि ‘नाय’ असे. त्यांनी जुळवलेल्या मजकुरात मात्र शुद्धलेखनाची चूक मी पाहिलेली नाही. पुढे वर्तमानपत्राच्या नोकरीत संपादनाच्या टेबलावर मी जी माणसं पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांचं याच्या उलट होतं.

काकांच्या ‘हाय’ला मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण ते मोठे होते. जयवंतीला केलं, कारण ती माझ्याएवढी होती. हे वाक्य लिहायला मला बराच काळ लागला आहे, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

आमची शाळा मराठी माध्यमाची. वर्गात निम्मी मुलं गावातली, म्हणजे पनवेलमधली, आणि निम्मी एस.टी.ने येणारी. नववीच्या पहिल्या दिवशी उंचीप्रमाणे बाकं वाटली गेली आणि माझ्या शेजारी जयवंती आली. गव्हाणची. तिच्या आजोबांचं मिठागर होतं, वडील त्या वेळी ट्रक चालवत. वेण्या घट्ट, अक्षर गोल, आणि डब्यात तांदळाची भाकरी व सुकटीची चटणी. तो वास आमच्या बाकावर मधल्या सुट्टीआधी एक तास येऊन बसत असे. आमच्या घरी मासळी होत नव्हती. मी पोळी आणि बटाट्याची भाजी खाताना त्या वासाच्या बाजूला तोंड करून बसायचे, हे तिच्या लक्षात आलं होतं, असं तिने पुढे सांगितलं.

त्या पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘‘तुज्याजवल पट्टी हाय का?’’ मी म्हटलं, ‘‘हाय नाही. आहे.’’ आणि पट्टी दिली. दुपारपर्यंत असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. मला वाटलं, मी मदत करते आहे. प्रूफ वाचणाऱ्या घरातली मुलगी दुसरं काय करणार. दुसऱ्या दिवशी जयवंती मला म्हणाली, ‘‘कृपया मला खोडरबर देशील का?’’ त्या दिवसापासून फेब्रुवारीपर्यंत ती माझ्याशी पाठ्यपुस्तकातल्या संवादासारखी बोलली. आभार मानत असे, क्षमा मागत असे, एकही व्याकरणाची चूक करत नसे. तिने माझं ऐकलं होतं. शिक्षा म्हणून याहून नेमकी गोष्ट मला सुचली नसती.

ती मुळात कशी बोलते, हे मला एस.टी. स्टँडवर कळलं. संध्याकाळी गव्हाणच्या मुली गाडीची वाट पाहत उभ्या असत आणि जयवंती मध्ये उभी राहून कंडक्टरची नक्कल करत असे. एकदा मी शिसपेन्सिली घ्यायला त्या बाजूला गेले होते. ती एका म्हातारीची गोष्ट सांगत होती. म्हातारी बकरी घेऊन गाडीत चढलेली, कंडक्टर बकरीचं तिकीट मागतोय, म्हातारी म्हणते फाडलंय, कंडक्टर म्हणतो दाखव. मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होत्या. मी दोन पावलं पुढे गेले. जयवंतीने मला पाहिलं आणि वाक्य जिथे होतं तिथे सोडलं. ‘‘नमस्कार,’’ ती म्हणाली. बाकीच्या पोटं धरून वळल्या. मी पेन्सिली न घेताच घरी आले. त्या बकरीच्या तिकिटाचं काय झालं, हा प्रश्न मला पुढचे कित्येक आठवडे भूगोलाच्या तासाला पडत असे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या वर्गशिक्षिका देसाई बाई एक कल्पना घेऊन आल्या. बाई पुण्याच्या, नोकरीत नव्या, आणि मुलांवर अजून रागावता येत नसलेल्या. शहरात तेव्हा चौदा फेब्रुवारीची हवा नुकतीच आली होती. बाजारातल्या भेटवस्तूंच्या दुकानात लाल हृदयं टांगली गेली होती, आणि वर्गातली मुलं त्या दुकानासमोरून कारण नसताना दिवसातून दोनदा जात. बाईंना वाटलं, मुलं चोरून करतील त्यापेक्षा वर्गातच उघडपणे काही करावं. त्यांनी अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. तेव्हा बाईंनी अर्ज बदलला: ‘कार्यानुभव या विषयांतर्गत पाकीट तयार करणे व पत्रलेखनाचा सराव.’ पत्रलेखनाला परीक्षेत गुण होते. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी सही केली. फक्त एक अट घातली, पत्राला मायना पाहिजे.

मायन्यावरून शिक्षकांच्या खोलीत काय झालं, ते शिपाईमामांमुळे आम्हाला तासाभरात कळलं. ‘प्रिय’ लिहायचं नाही, कारण मुलगा मुलीला ‘प्रिय’ लिहील. ‘सप्रेम नमस्कार’ सुचवला गेला, तर त्यात प्रेम आहे, असं मुख्याध्यापकांनी दाखवून दिलं. ‘तीर्थरूप’ची सूचना चित्रकलेच्या सरांनी केली आणि ती गंभीर होती की नव्हती यावर मतभेद होते. शेवटी बाई म्हणाल्या, हल्ली मुलं एकमेकांना ‘हाय’ म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. अर्थ नसणं ही मोठी सोय होती. ते मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मायना – हाय, आणि फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. गावातली मुलं ते वहीत उतरवू लागली. एस.टी.ने येणारी निम्मी बाकं एकदम खदखदू लागली. बाईंना कारण कळेना. मागच्या बाकावरून कोणीतरी आदराने विचारलं, ‘‘बाई, काय हाय?’’

‘‘काही नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नुसतं हाय.’’

यानंतर वर्ग शांत व्हायला पाच मिनिटं गेली. जयवंती डोकं बाकाखाली घालून पडलेलं झाकण शोधत होती. तिच्या पेनाला झाकण होतं. मी पाहिलं होतं.

मग तो आठवडा आला. बातमीदाराने ‘वातावरण उत्साहाचे होते’ असं लिहिलं की मी पुढे नेहमी खोडत आले, पण त्या आठवड्याबद्दल दुसरं वाक्य मला सापडत नाही. गणिताच्या सरांनी वर्गमूळ विचारलं तरी मुलं लाजत. पाकिटांसाठी वडिलांनी पत्रिकांची कातरणं दिली, गुलाबी, पिवळी, काही कोपऱ्यात अर्धा गणपती असलेली. आईने चिकटवायला पातेलंभर खळ शिजवून दिली. छापखान्याच्या खळीत मोरचूद घालत, म्हणजे ती टिकते; या खेपेला आईने तो घातला नाही. पोरं आहेत, चाटतील, ती म्हणाली. पातेलं वर्गात उघडल्यावर पराग नावाच्या मुलाने ती खीर समजून दोन बोटं खाल्ली, वेलदोडा कमी आहे असं सांगितलं, आणि खरं कळल्यावर तिसरं बोटही खाल्लं. पराग डॉक्टरांचा मुलगा होता. त्याला कशाची भीती वाटत नसे.

नियम असे होते. प्रत्येकाने एका नावाची चिठ्ठी उचलायची. त्या मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न लिहायचा, खरा. ज्याला प्रश्न आला त्याने वेगळ्या कार्डावर उत्तर लिहायचं, तेही खरं. सही करायची नाही, फक्त हजेरीचा क्रमांक टाकायचा, म्हणजे गुप्तता राहील. वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा हजेरी क्रमांक पाठ होता. सोमवारी प्रश्न टाकायचे, ते बाई लगेच वाटतील, बुधवारी उत्तरं, आणि शुक्रवारी, म्हणजे चौदा तारखेला, बिस्किटांच्या डब्याची केलेली टपालपेटी उघडायची.

चिठ्ठ्या उचलल्या गेल्या आणि पाच मिनिटांत त्यांचा बाजार भरला. मला ऋताची चिठ्ठी आली होती. ऋता वर्गात पहिली येणारी मुलगी. परागच्या हातात जयवंतीची चिठ्ठी होती. तो ऋतासाठी काय वाटेल ते द्यायला तयार होता आणि मी जयवंतीसाठी कंपासपेटी द्यायला तयार होते. दोघांनाही दुसऱ्याची निकड माहीत नव्हती, त्यामुळे अदलाबदल फुकटात झाली आणि दोघेही समोरच्याला फसवल्याच्या आनंदात परत फिरलो.

माझा प्रश्न मी खाली छापखान्यात कातरणांवर लिहिला. पहिल्या खर्ड्यात मी जूनबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्यात बकरीबद्दल विचारलं. पाचव्या-सहाव्यापर्यंत मजकूर लांबत गेला. शेवटी सगळं खोडलं आणि लिहिलं: ‘हाय, तू माझी मैत्रीण आहेस का?’ कोपऱ्यात हजेरीचा क्रमांक. मजकूर कमी झाला की जे उरतं ते टोचतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सोमवारी कार्ड पेटीत टाकलं. दोन दिवस आम्ही एकाच बाकावर बसलो आणि जयवंतीने मला फक्त तारीख विचारली, शुद्ध मराठीत.

बुधवारी मुख्याध्यापक तपासणीला आले. त्यांनी टपालपेटीत हात घातला आणि एक पाकीट काढून उघडलं. ते परागचं होतं. सोमवारी टाकायचं पत्र त्याने बुधवारपर्यंत घोटलं होतं. त्यावर ‘विषय: मैत्री मिळणेबाबत’ असं अधोरेखित होतं आणि खाली ‘हाय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक विचारतो की आपण माझ्याशी मैत्री कराल का? कळावे. सोबत: भूमितीची वही’ असा मजकूर होता. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून लाल पेन काढून म्हणाले की उजव्या कोपऱ्यात तारीख राहिली आहे, बाकी रचना उत्तम. खाली ‘तपासले’ लिहून सही केली. परागने ते पत्र पुढे काचेत बसवून घेतलं, असं मी ऐकलं आहे. खरं-खोटं तपासलेलं नाही.

शुक्रवारी बाई लाल काठांची साडी नेसून आल्या, हा तपशील आम्ही कोणीही चुकवला नाही. पेटी उघडली. बाई क्रमांक पुकारत आणि ज्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याने पुढे जाऊन न्यायचं. वाचून दाखवायची सक्ती नव्हती, पण सगळे वाचत होते. ‘हाय, तू माझा डबा खातोस म्हणून मी तुझ्यावर रागावलेलो नाही, पण विचारून खा.’ ‘हाय, हो, मला माहीत आहे, पण मी बाबांना सांगणार नाही.’ ऋताने परागला लिहिलं होतं: ‘हाय, आपला अर्ज विचाराधीन आहे. वही मिळाली. त्यात चुका आहेत.’ पराग बाकावर उभा राहिला आणि त्याला खाली बसवायला दोघे लागले. मागच्या मुलांनी बाकं वाजवली. बाईच इतक्या हसल्या की त्यांना क्रमांक पुकारता येईना, आणि ते काम ऋताने केलं.

माझा क्रमांक आला. पाकीट पिवळ्या कागदाचं, नीट चिकटवलेलं, गोल अक्षर. मी ते जागेवर येऊन उघडलं. आत पिवळ्याच कार्डावर लिहिलं होतं, ‘हाय’. बाकी कार्ड कोरं होतं. मी मागून पाहिलं, उलटं धरलं, पाकिटात बोट घालून आणखी काही राहिलं आहे का ते पाहिलं. सगळ्या वर्गाने मायना लिहून पुढे काही ना काही लिहिलं होतं. जयवंतीने मायना लिहिला होता आणि पुढे मला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नाही. माझी बाजू मांडायची तर एवढंच म्हणेन की जूननंतर तो शब्द तिच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला नव्हता, आणि फळ्यावर त्याचा अर्थ ठरवून दिलेला होता. शेजारी जयवंती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा थट्टा समजले. मी कार्ड मिटलं, पुढे गेले आणि बाईंना सांगितलं की मला फळा नीट दिसत नाही, जागा बदलून द्या. बाई आनंदात होत्या; त्या दिवशी त्यांनी काहीही दिलं असतं. सोमवारपासून तू ऋताजवळ बस, त्या म्हणाल्या, आणि तिथूनच मोठ्याने विचारलं, ‘‘जयवंती, चालेल ना गं तुला?’’

जयवंती उभी राहिली. ‘‘चालेल, बाई,’’ ती म्हणाली. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही.

घरी येऊन मी ते कार्ड छापखान्याच्या कातरणांच्या ढिगात टाकलं आणि पत्रिकांच्या घड्या घालायला बसले. ट्रेडल चालू होतं. वडील शाई लावत होते, बाळारामकाका टेबलाशी वाचत होते. ढिगातले कागद पुन्हा प्रूफ काढायला वापरत, त्यामुळे छापलेलं आणि न छापलेलं यांत गल्लत होई, आणि शंका आली की काका तो कागद वाचून बाजूला ठेवत. हाती आलेला प्रत्येक कागद ते वाचत, आणि वाचत ते मोठ्याने, नियमाप्रमाणे. त्या ढिगातून त्यांनी पिवळं कार्ड उचललं, चष्मा वर सारला आणि वाचलं.

‘‘हाय टिंब.’’

वडिलांनी शाईचा हात थांबवला. ‘‘टिंब?’’

‘‘टिंब हाय,’’ काका म्हणाले.

वडिलांनी कार्ड घेऊन उजेडात धरलं. शाळेचा मायना काय ठरला होता, हे त्यांना माहीत होतं. कातरणं त्यांनीच दिली होती. मायन्यापुढे स्वल्पविराम येतो, ते मला म्हणाले, टिंब येत नाही. टिंब दिलं म्हणजे वाक्य संपलं. हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, आमच्या वर्गातली मुलगी आहे, तिला विरामचिन्हं कळत नाहीत. आणि हे म्हणतानाच मला आठवलं की निबंधाच्या वहीत तिचं एकही चिन्ह कधी चुकलेलं नव्हतं.

‘‘कुठची पोर?’’ काकांनी विचारलं.

‘‘गव्हाणची.’’

‘‘आनि तू काय इचारलं व्हतंस?’’

मी जमिनीकडे बघून प्रश्न सांगितला. तू माझी मैत्रीण आहेस का.

‘‘हाय,’’ काका म्हणाले.

ते एवढंच म्हणाले, सूर खाली सोडत, जसं ते दिवसभर म्हणत. कागद हाय का? हाय. शाई हाय का? हाय. क्षणभर मला वाटलं, तेच मला उत्तर देत आहेत. मग वरच्या मांडणीतला पितळी पेला तांब्याला लागला आणि मी घड्या घातलेल्या सगळ्या पत्रिका मांडीवरून खाली पाडल्या. आई जिन्यातून विचारत होती, काय पडलं. वडील म्हणाले, ‘‘काही नाही टिंब.’’ मी हसत होते की रडत होते, हे आईने नंतर मला विचारलं. काकांनी कार्डाला चिकटलेली एक पिवळी चिंधी नखाने काढली आणि ते माझ्या हातात दिलं. आपल्याच बोलीत आलंय, ते म्हणाले, जपून ठेव.

शनिवारी शाळा सकाळची असे. गव्हाणची गाडी सातच्या सुमाराला येई; मी साडेसहालाच स्टँडवर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, त्यात क्षमा होती, जून होता आणि विरामचिन्हांबद्दल एक स्पष्टीकरण होतं. गाडी आली. मुली उतरल्या. जयवंती शेवटी उतरली, मला पाहिलं, आणि ‘‘नमस्कार’’ म्हणण्यासाठी तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ते ऐकण्याची माझ्यात ताकद नव्हती. पाठ केलेलं सगळं विसरून मी तिच्याआधी बोलले.

‘‘त्या बकरीचं तिकीट हाय का?’’

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कोणती बकरी, हे त्यांतल्या कोणाच्याही लक्षात येईना, ते फक्त जयवंतीच्या आलं. तिने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश.

‘‘हाय नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आहे.’’

एवढं बोलून तिने ओठ दाबले, पण ते टिकलं नाही. आधी तिच्या नाकातून आवाज आला, मग ती वाकली, मग दप्तर खाली पडलं. बाकीच्या मुली कारण न कळता हसू लागल्या. मी ‘हाय’ असं पुन्हा म्हटलं, तेव्हा ती श्वास घेत म्हणाली, तसं नाय, तू इंग्रजी बोलतेस, सूर वर नको नेऊ, खाली सोड. मी खाली सोडला. आणखी खाली, ती म्हणाली. मुलींनी मला स्टँडपासून शाळेपर्यंत ‘हाय’ म्हणायला लावलं. रस्त्यावरचा एक दूधवाला प्रत्येक वेळी वळून बघत होता, कारण त्याला वाटत होतं मी काहीतरी कबूल करते आहे. आणि चालता चालता जयवंतीने ती गोष्ट, जिथे वाक्य सोडलं होतं तिथून पुढे सांगितली. कंडक्टर म्हणतो, म्हातारे, शेवटचं इचारतो, तिकीट हाय का? म्हातारी म्हणते, हाय. मंग दाखव. तेव्हा म्हातारी बकरीचे दोन्ही जबडे धरून उघडते आणि म्हणते, बघ ना बाबा, आत हाय.

मी शाळेच्या फाटकाजवळ फुटपाथवर बसले. उठता येत नव्हतं.

जागेची बदली मी तासाआधीच बाईंना सांगून रद्द करून घेतली. फळा अचानक दिसायला लागला, याबद्दल बाईंनी काही विचारलं नाही. शनिवारी डबा नसे, पण जयवंतीच्या दप्तरात कागदात गुंडाळलेली भाकरी होती आणि आत सुकट. तिने ती बाकाखाली अर्धी केली. मी आयुष्यात पहिल्यांदा मासळी खाल्ली ती इतिहासाच्या तासाला, पुस्तक तोंडासमोर उभं धरून. हात धुतले तरी वास राहिला. घरी आईने बोटं हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि खळीच्या पातेल्यात चमचा फिरवत राहिली. रात्री जेवताना तिने विचारलं, ‘‘चांगली होती का प्रश्नचिन्ह.’’ वडिलांनी वर पाहिलं नाही.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मला आता दोन वर्षं झाली. तिथे मी हजारो वाक्यांतले ‘हाय’ आणि ‘नाय’ दुरुस्त केले, कारण ते माझं काम होतं, आणि माणूस बोललेला जसाच्या तसा अवतरणात असेल तर त्याला हात लावला नाही, कारण तेही माझं काम होतं. छापखान्याच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत. जयवंतीची गव्हाणजवळ खानावळ आहे. मिठागराच्या बाजूला जे उंच मनोरे झाले, तिथल्या माणसांना ती तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घालते, आणि त्यांनी ‘हाय’ म्हटलं की काय हवंय ते विचारते. पिवळं कार्ड माझ्याकडे आहे. शाई फिकट झाली आहे, टिंब मात्र झालेलं नाही.

मी पनवेलला गेले की निघण्याआधी तिला फोनवर संदेश टाकते, घरी आहेस का. इतर सगळे लोक उत्तर पाठवताना विरामचिन्हं टाकत नाहीत. तिचं उत्तर एका शब्दाचं येतं. ते आलं की मी शब्द वाचण्याआधी त्याच्यापुढे टिंब आहे का ते बघते, आणि मगच चपला घालते.